माध्यम साक्षरतेचा अभ्यासक्रम प्राध्यापकांनी स्वतः घडवावा, यासाठी सहा दिवसांची कार्यशाळा कशी आखावी?

समाजशास्त्र_कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका संलग्नित महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे प्राध्यापकांसाठी सहा दिवसांची कार्यशाळा होणार असून तिच्या समन्वयाचे काम माझ्याकडे आले आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतून साधारण पस्तीस प्राध्यापक येतील आणि त्यांत मराठी, इतिहास, वाणिज्य, प्राणिशास्त्र, संगणकशास्त्र असे सर्व विषय असतील. वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेतलेले जेमतेम दोघे-तिघे. कार्यशाळेकडून अपेक्षा दोन आहेत. प्रत्येक गटाने माध्यम साक्षरतेचा दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासिकांचा, अभ्यासक्रम तयार करावा. आणि तो शिकवल्यावर विद्यार्थ्यांमध्ये खरोखर काही फरक पडला का, हे तपासणारा एक छोटा संशोधन प्रकल्प आखता यावा.

माझी अडचण मोकळेपणाने सांगते. यापूर्वी एका ठिकाणी याच विषयावरील दोन दिवसांच्या चर्चासत्राच्या संयोजनात मी होते. आठ व्याख्याने झाली आणि वक्ते सगळे अभ्यासू होते. समारोपाच्या वेळी भरून घेतलेल्या अभिप्राय पत्रकांत जवळजवळ प्रत्येकाने ‘उत्तम’ या रकान्यात खूण केली होती. तीन महिन्यांनी मी सहभागी प्राध्यापकांना फोन करून विचारले, तेव्हा एकानेही अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदासुद्धा लिहिलेला नव्हता. एका बाईंनी मला जे सांगितले ते अजून मनात आहे. त्या म्हणाल्या, “खोटी बातमी वाईट असते हे पटलं हो, पण सोमवारी वर्गात उभं राहून पहिल्या तासाला नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलंच नाही.”

युनेस्कोने शिक्षकांसाठी २०११ मध्ये तयार केलेला आणि २०२१ मध्ये सुधारलेला माध्यम व माहिती साक्षरतेचा आराखडा मी वाचला आहे. तो उपयुक्त आहे, परंतु तो जगभरासाठी असल्यामुळे शिरोळ किंवा गारगोटीच्या वर्गात तो जसाच्या तसा चालणार नाही. तेव्हा सहा दिवसांत कोणती कामे ठेवावीत आणि कोणती गाळावीत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वृत्तविद्या_शिक्षक

मॅडम, त्या बाईंच्या वाक्यातच तुमच्या कार्यशाळेचा पहिला दिवस आहे. पहिल्या दिवशी उद्घाटनाचे व्याख्यान ठेवू नका. प्राध्यापक खुर्चीवर बसले की पंधरा मिनिटांत त्यांच्या हातात पडताळण्यासाठी एक संदेश द्या.

मी अशा वर्गांत वापरतो तो नमुना सांगतो. संदेश मी स्वतःच तयार केला आहे, पण पावसाळ्यात आपल्या सर्वांच्या मोबाईलवर येतात त्याच धर्तीचा आहे: “आत्ताच मिळालेल्या माहितीनुसार राधानगरीचे सातही दरवाजे उघडले आहेत, रात्रीतून पंचगंगा पन्नास फुटांवर जाणार, नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरे सोडावीत.” सोबत फेसाळत्या पाण्याचे एक छायाचित्र. गटांना चाळीस मिनिटे देतो आणि फळ्यावर एवढेच लिहितो की, या संदेशात वेगवेगळी विधाने किती आहेत ते आधी मोजा.

बहुतेक गट थेट ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असा निकाल देऊन मोकळे होतात. मग आम्ही एकेक विधान सुटे करतो. ‘आत्ताच’ म्हणजे कधी? तारीख नाही, वेळ नाही. हे साधारणपणे मराठीचे प्राध्यापक सर्वांत आधी पकडतात. छायाचित्र उलट शोधून पाहिले, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आले आहे ते शोधले, की ते जुने आणि दुसऱ्याच धरणाचे निघते. सात दरवाजे उघडल्याचे विधान मात्र खरे असू शकते, कारण राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि धरण भरले की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक विसर्ग होतो, म्हणजे सातही उघडले तर ९,९९६ क्युसेक. आता या एका आकड्यावरून पंचगंगा पन्नास फुटांवर जाईल असे म्हणता येते का? येत नाही. राधानगरीचे पाणी भोगावतीतून येते, आणि पंचगंगेत भोगावतीबरोबर कासारी, कुंभी आणि तुळशीचेही पाणी असते. पातळी मोजली जाते राजाराम बंधाऱ्यावर; तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते, त्यामुळे ‘पन्नास फूट’ हा आकडा ऐकणाऱ्याला अशक्य वाटत नाही, आणि भीती नेमकी तिथूनच पसरते. अधिकृत पातळी पाटबंधारे विभाग आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून मिळते, हे त्या चाळीस मिनिटांत किती जणांना आठवले, याची मी नोंद ठेवतो. ज्यांच्या घरात पुराचे पाणी शिरले होते त्यांना सर्वांत आधी आठवते.

या एका संदेशावर प्राणिशास्त्राचा, भूगोलाचा आणि मराठीचा प्राध्यापक बरोबरीने काम करू शकतो. अर्धसत्य कसे रचले जाते, हे त्यांना व्याख्यानातून सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘संकेतस्थळ नीट वाचा, बोधचिन्ह पाहा, ‘आमच्याविषयी’ हे पान तपासा’ अशा जुन्या सूचना प्राध्यापकांनी पुढे शिकवू नयेत, यासाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ राखून ठेवा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली होती. पीएच.डी. झालेले इतिहासकारसुद्धा देखण्या बोधचिन्हांना आणि भारदस्त नावांना फसले, कारण ते त्याच पानावर वरून खाली वाचत राहिले. तथ्य-तपासनीस काही क्षणांतच ते पान सोडून नव्या खिडक्या उघडत आणि या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात, ते आधी पाहत. विद्वत्ता आणि पडताळणीचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्राध्यापकांना अपमान न वाटता पटवायचे असेल, तर हा अभ्यास फार उपयोगी पडतो. तो सांगण्याआधी त्यांच्याकडून तेच काम करून घ्या.

संख्याशास्त्र_निवृत्त

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. संशोधनाच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या अनुभवात अशा कार्यशाळांचा तोच भाग सर्वांत दुबळा असतो. शेवटच्या दिवशी दुपारी, चहाच्या आधी, ‘संशोधन पद्धती’ नावाचे एक सत्र उरकले जाते आणि त्यात नमुना निवडीच्या व्याख्या वाचून दाखवल्या जातात.

तुमच्या अभिप्राय पत्रकांवरचे ‘उत्तम’ हे समाधानाचे मोजमाप होते, कौशल्याचे नव्हते. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हीच चूक सर्रास होते. ‘या अभ्यासक्रमामुळे मला खोट्या बातम्या ओळखता येऊ लागल्या’ या विधानावर पाच बिंदूंची श्रेणी देऊन सरासरी ४.३ आली, म्हणजे अभ्यासक्रम यशस्वी झाला, असे शोधनिबंध मी परीक्षक म्हणून पुष्कळ वाचले आहेत. विद्यार्थ्याला स्वतःविषयी काय वाटते, एवढेच त्यातून कळते.

मोजायला हवा तो विवेक, म्हणजे खरे आणि खोटे यांत फरक करण्याची क्षमता. त्यासाठी चाचणीत खऱ्या बातम्याही तितक्याच हव्यात. समजा, सोळा मथळे दिले आणि ते सगळे खोटे असले, तर प्रत्येक गोष्टीवर डोळे झाकून अविश्वास दाखवणारा विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण मिळवेल. आठ खरे आणि आठ खोटे दिले, तर त्याच विद्यार्थ्याला निम्मेच गुण पडतील आणि आपल्या अभ्यासक्रमाने त्याला विचारी केले की केवळ संशयी, हे उघडे पडेल. खऱ्या बातमीवरचा विश्वास उडवणारा अभ्यासक्रम हा माझ्या मते घातक अभ्यासक्रम आहे, आणि माध्यम साक्षरतेच्या नावाखाली असे वर्ग चालतात, याची मला मनापासून काळजी वाटते.

भारतातील तीन अभ्यास प्राध्यापकांना ओळीने वाचायला द्या, कारण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि शिकण्यासारखे तेच आहे. पहिला २०२० मधला. अँड्र्यू गेस आणि सहकाऱ्यांनी खोटी बातमी कशी ओळखावी याविषयी समाजमाध्यमावर दिल्या जाणाऱ्या छोट्या सूचनांचा परिणाम अमेरिकेत आणि भारतात तपासला. भारतातील उच्चशिक्षित, ऑनलाइन गटात खऱ्याखोट्यातील फरक ओळखण्याची क्षमता १७.५ टक्क्यांनी सुधारली. उत्तर भारतातील मुख्यतः ग्रामीण गटात मात्र काहीच परिणाम दिसला नाही. दुसरा सुमित्रा बद्रीनाथन यांचा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. २०१९ च्या निवडणुकीच्या काळात बिहारमधील १,२२४ जणांसोबत प्रत्यक्ष भेटून केलेल्या या प्रयोगात सुमारे तासाभराच्या प्रशिक्षणाचा एकूणात लक्षणीय परिणाम आढळला नाही. तिसरा अलीकडचा, तोही बिहारमधलाच. ५८३ गावांतील १३,५०० विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेला, सुमारे चार महिने चाललेला वर्गातील अभ्यासक्रम. इथे फरक स्पष्ट दिसला, चार महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही टिकून होता, आणि शिकवणी आरोग्यविषयक खोट्या माहितीवर असूनही राजकीय खोट्या माहितीपर्यंत तो पोहोचला.

या तिन्हींत गट वेगळे, विषय वेगळे आणि कालावधी वेगळा आहे, त्यामुळे नेमक्या कोणत्या कारणाने निकाल बदलला, याचा निवाडा कोणत्याही एका अभ्यासावरून होत नाही. प्राध्यापकांना याच प्रश्नावर दोन तास भांडू द्या. संशोधन पद्धतीचे निम्मे शिक्षण त्या दोन तासांत होईल. माझा स्वतःचा कल असा की, तीस तासिका एका आठवड्यात कोंबण्यापेक्षा त्या संपूर्ण सत्रभर पसरवाव्यात.

आपल्याकडे गावेच्या गावे घेणे शक्य नाही. दोन तुकड्या असतील तर एका तुकडीला या सत्रात आणि दुसरीला पुढच्या सत्रात शिकवा, म्हणजे कोणी वंचित राहणार नाही आणि तुलनाही करता येईल. मात्र कोणत्या तुकडीला आधी शिकवायचे, हे चिठ्ठी टाकूनच ठरवा. ‘हुशार तुकडी आधी’ असे केले की सगळेच फसते. दोनच तुकड्या आहेत ही मर्यादा निबंधात स्पष्ट लिहायला लावा. आणि ज्या विद्यार्थ्यांना चाचणीसाठी खोटे मथळे दाखवले, त्यांना काम संपल्यावर कोणते खोटे होते ते सांगितल्याशिवाय वर्गातून सोडू नका. ही नैतिक जबाबदारी आहे आणि ती संमतिपत्रात लिहिलेली असली पाहिजे.

ग्रंथपाल_गडहिंग्लज

सरांनी संशोधनाचे सांगितलेच आहे. मी फक्त साधनांविषयी लिहिते. प्राध्यापकांची स्वतःची माहिती साक्षरता गृहीत धरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यताप्राप्त संशोधन नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. त्यामुळे नियतकालिक दर्जेदार आहे की पैसे घेऊन काहीही छापणारे, हे ठरवण्याची जबाबदारी आता प्राध्यापकावर आणि महाविद्यालयावर येऊन पडली आहे. आमच्या ग्रंथालयात ‘आठ दिवसांत प्रसिद्धी, शुल्क अमुक’ अशा ईमेलची छापील प्रत घेऊन प्राध्यापक विचारायला येतात. तो ईमेल हाच कार्यशाळेतला पाठ होऊ शकतो. संपादक मंडळातील नावे त्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खरोखर आहेत का, मागील अंकांतील लेख मिळतात का, पत्ता कुठला आहे, हे तपासताना प्राध्यापक नेमके तेच करतात जे ते उद्या विद्यार्थ्यांना बातमीच्या बाबतीत शिकवणार आहेत.

संशोधन नियतकालिके ऑनलाइन वाचायला देणारी केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तुमचे महाविद्यालय तिच्या कक्षेत येते का, ते आधीच तपासून घ्या आणि येत असेल तर लॉगिनची व्यवस्था पहिल्याच दिवशी करा. नाहीतर अर्धा दिवस त्यातच जातो. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातील भारतीय विद्यापीठांचे प्रबंध तर सर्वांना खुले आहेत. शक्य असेल तर एक दुपार शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात घालवा, तीही प्रत्येकाच्या हातात शोधायचा एक ठरावीक प्रश्न देऊन.

इतिहास_इचलकरंजी

वरील सर्व उदाहरणे आजची आहेत आणि ती आवश्यकच आहेत. तरीही एक जुने उदाहरण सुचवतो, कारण ते कोल्हापूरचे आहे आणि त्यात सहभागी प्राध्यापकांची राजकीय मते आड येत नाहीत. जून २०२३ मध्ये मोबाईलवरील स्टेटसवरून शहरात तणाव निर्माण झाला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो विषय वर्गात यायलाच हवा, पण पहिल्या दिवशी नको. आधी अशा प्रसंगावर हात बसू द्यावा, ज्याच्याशी कोणाच्याही जखमा जोडलेल्या नाहीत.

तो प्रसंग १८८२ चा. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघून जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत आहे अशी चर्चा सर्वत्र होती, आणि संस्थानचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्या कारस्थानाचा पुरावा म्हणून काही पत्रे या वृत्तपत्रांकडे आली. ती प्रसिद्ध झाली, बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले.

वर्गात हा प्रसंग मी दोन भागांत देतो. आधी फक्त एवढेच सांगतो की, संस्थानच्या कारभाऱ्याविरुद्धची पत्रे तुमच्या हाती आली आहेत आणि तुम्ही संपादक आहात. छापण्यापूर्वी काय तपासाल? अक्षर कोणाचे, पत्र कोणामार्फत आले, ते देणाऱ्याचा हेतू काय, मूळ प्रत कुठे आहे, ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारले का, अशी प्रश्नांची यादी विद्यार्थीच करतात. मग निकाल सांगतो. त्यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. पुढे १८८३ मध्ये अहमदनगरला पहाऱ्यात असतानाच त्यांचा शोचनीय मृत्यू झाला. म्हणजे संपादकांची तळमळ खरी होती आणि कागद मात्र खोटे होते. आपल्याला जे खरे वाटते त्याला पाठबळ देणारा कागद हाती आला की आपली तपासणी ढिली पडते, हे टिळक-आगरकरांसारख्यांच्या बाबतीत घडलेले पाहिल्यावर विद्यार्थी स्वतःच्या मोबाईलकडे वेगळ्या नजरेने पाहतात. अभ्यासक्रमात मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास घालायचाच असेल, तर १८३२ च्या ‘दर्पण’पासून सनावळ्या देण्याऐवजी असा एकच प्रसंग चार तासिका शिकवावा.

समाजशास्त्र_कोल्हापूर

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. आराखडा मोडून नव्याने मांडला आहे. उद्घाटन अर्ध्या तासाचे असेल आणि लगेच पुराचा संदेश हातात दिला जाईल. त्यासाठी पाटबंधारे विभागाच्या जुन्या पूरकाळातील दैनंदिन नोंदी मिळवण्याचा प्रयत्न मी सुरू केला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी संकेतस्थळे तपासण्याचे काम आणि दुपारी नियतकालिकांच्या ईमेलचा पाठ राहील. तिसऱ्या दिवशी १८८२ चे प्रकरण. त्याच दिवसापासून गटांनी अभ्यासक्रमाचे लेखन सुरू करायचे आहे. प्रत्येक गटाने आधी शेवटची परीक्षा लिहायची, म्हणजे सत्राअखेर विद्यार्थ्याने नेमके काय करून दाखवायचे ते ठरवायचे, आणि मग मागे येत तासिका आखायच्या, असे मी ठरवले आहे. चौथा दिवस पूर्णपणे तीन अभ्यासांच्या वाचनाला आणि चाचणी तयार करण्याला दिला आहे. पाचव्या दिवशी प्रत्येक गट आमच्या महाविद्यालयातील खऱ्या विद्यार्थ्यांसमोर एक तासिका घेईल. त्या बाईंना सोमवारच्या पहिल्या तासाचे उत्तर तिथे मिळेल, अशी मला आशा आहे. त्यांना मी मुद्दाम फोन करून बोलावले आहे.

प्रमाणपत्राविषयी प्राचार्यांशी बोलले. सहाव्या दिवशी अभ्यासक्रमाचा मसुदा आणि चाचणीचा संच जमा केल्यावरच ते द्यावे, हे त्यांनी मान्य केले. अभ्यास मंडळाच्या मान्यतेला वेळ लागेल, तोपर्यंत महाविद्यालय पातळीवर प्रमाणपत्र अभ्यासक्रम म्हणून तीस तासिका घ्याव्यात असा विचार आहे. एक शंका उरते. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांत तेच सोळा मथळे ठेवले, तर तुलना सोपी होईल ना?

संख्याशास्त्र_निवृत्त

तसे करू नका. विद्यार्थी पहिल्या चाचणीनंतर घरी जाऊन ते मथळे शोधतील, आपसांत बोलतील, आणि दुसऱ्या वेळी तुम्ही त्यांची आठवण मोजाल. अ आणि ब असे दोन संच तयार करा, प्रत्येकात आठ खरे आणि आठ खोटे. प्रत्येक तुकडीतील निम्म्या विद्यार्थ्यांना आधी अ आणि नंतर ब द्या, उरलेल्यांना आधी ब आणि नंतर अ. यामुळे एखादा संच दुसऱ्यापेक्षा अवघड निघाला तरी निकाल बिघडणार नाही. खोटे मथळे कोणते हे सांगण्याचे काम मात्र दोन्ही चाचण्या संपल्यानंतर, दोन्ही तुकड्यांना एकाच दिवशी करा. मधल्या काळात ते मथळे कोणाच्या जिवावर किंवा आरोग्यावर बेततील असे नसावेत, एवढे निवडतानाच पाहा. संच तयार झाले की त्यांतील एखादा इथे टाका, मी आणि वृत्तविद्येचे सर मिळून तपासून देऊ.